शिक्षकांसाठी भूविज्ञान कार्यशाळा: कॉलेज, भूजल कार्यालय आणि कराडची प्रयोगशाळा यांना एकत्र कसं आणायचं?

केंद्रप्रमुख_पाटण

नमस्कार. आमच्या केंद्रात (शेजारच्या शाळांच्या गटात) पाचवी ते आठवीला विज्ञान-भूगोल शिकवणारे साधारण ४० शिक्षक आहेत. खडक, भूकंप, भूजल हे धडे वाचून दाखवले जातात आणि संपतात, तेही कोयनेच्या खोऱ्यात! जवळच्या एका कॉलेजचा भूविज्ञान विभाग मदतीला तयार आहे. सामंजस्य करार करावा का? त्यात काय लिहावं आणि दिवसभरात शिक्षकांकडून काय करून घ्यावं? व्याख्यान, सत्कार आणि चहा यावर कार्यक्रम आटोपायला नको आहे.

दगडमाती_कराड

सर, करार जरूर करा, पण दोन पानांत. 'आवश्यक ते सहकार्य करतील' हे वाक्य त्यात येऊ देऊ नका, कारण त्याला धरून कुणालाच काही विचारता येत नाही. कोण, काय, कोणत्या महिन्यात, एवढंच लिहा. कॉलेजने खडकांचे १० संच द्यायचे आणि कार्यशाळेनंतर दोनदा शाळांवर यायचं. केंद्राने जागा आणि शिक्षकांचे आदेश पाहायचे. गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या सहीचा आदेश नसेल तर तो दिवस कर्तव्यकाळ धरला जात नाही आणि निम्मे शिक्षक येत नाहीत. पत्राची प्रत डायटला (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला) द्या. तारीख नोव्हेंबरच्या उत्तरार्धातली किंवा जानेवारीतली ठेवा. पाटणच्या पावसात जुलै-ऑगस्टला बाहेर उभं राहून काही दाखवता येत नाही.

आता संच. इथले चार नमुने: घट्ट काळा बेसाल्ट, भोकांत पांढरं खनिज भरलेला बेसाल्ट, दोन लाव्हाथरांमधला तांबडा थर (लाल बोल) आणि जांभा. लाल बोल हाताळून भुगा होतो, तो झाकणाच्या बरणीत ठेवा. कासच्या पठारावरून काहीही उचलू नका, तो संरक्षित भाग आहे. घाटात रस्त्याकडेला पडलेला तुकडा घ्या, कडा खणू नका.

बाहेरचे खडक फरशीच्या दुकानातल्या तुकड्यांतून मिळतात, पण डोळसपणे निवडा. 'काळा ग्रॅनाइट' म्हणून विकतात तो बहुतेक वेळा डोलेराइट किंवा गॅब्रो हे वेगळेच काळे अग्निजन्य खडक असतात. म्हणून गुलाबी किंवा करडा, दाणे स्पष्ट दिसणारा तुकडा मागा. ओट्याला वापरतात ती काळी कडप्पा फरशी म्हणजे चुनखडक. काळी म्हणून ती बेसाल्ट समजली जाते, तेव्हा दोन्ही शेजारी ठेवून तपासायला द्या.

तपासणी अशी: खिळ्याने ओरखडून थोडी भुकटी काढा, तिच्यावर व्हिनेगरचे दोन-तीन थेंब टाका आणि १० पट भिंगातून पाहा. कडप्पावर बारीक बुडबुडे येतात, बेसाल्टवर येत नाहीत. भोकांतलं पांढरं खनिजही असंच तपासा. कॅल्साइट फसफसतं, स्टिलबाइटसारखं झिओलाइट शांत राहतं. नुसत्या खिळ्यावर विसंबू नका, दोन्हींवर ओरखडा उठतो. क्वार्ट्झवर मात्र उठत नाही, उलट तेच काचेवर चरा पाडतं. भुकटी न करता अखंड तुकड्यावर व्हिनेगर टाकलं तर बुडबुडे इतके मंद येतात की प्रयोग फसला असं वाटतं.

भूजल_मिरज

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं जिल्हा कार्यालय साताऱ्यातही आहे आणि सांगलीतही. त्यांच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजली जाते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरच्या सुमारास. वरिष्ठ भूवैज्ञानिकांना पत्र देऊन तुमच्या जवळच्या विहिरीच्या नोंदी मागा. व्याख्यानापेक्षा त्या नोंदी कितीतरी उपयोगी आहेत, कारण मुलं त्याच महिन्यांत गावची विहीर मोजून आकडे ताडून पाहू शकतात.

मोजताना दोन गोष्टी हमखास चुकतात. टेप कठड्याच्या वरच्या कडेपासून सोडतात आणि कठड्याची उंची वजा करायची राहते, त्यामुळे सगळ्या विहिरी ७०-८० सेंटिमीटर जास्त खोल दिसतात. दुसरं, मोटार चालू असताना किंवा नुकती बंद झाल्यावर मोजतात. सकाळी, मोटार सुरू होण्याआधी मोजा. मोजणी शिक्षकांनीच करायची, मुलांनी मागे उभं राहून आकडा लिहायचा.

जोडीला बाटलीचा पर्जन्यमापक ठेवा. नरसाळ्याचं तोंड १० सेंटिमीटर आणि बाटली ५ सेंटिमीटर व्यासाची असेल, तर बाटलीतली ४० मिलिमीटर उंची म्हणजे १० मिलिमीटर पाऊस. व्यासांचं गुणोत्तर २, म्हणजे क्षेत्रफळांचं ४, म्हणून भागायचं ४ ने. हे न केल्याने पाऊस चौपट लिहिला जातो. सांगली जिल्ह्यातल्या कमी पावसाच्या जतमधली एखादी शाळा जोडीला घेता आली तर फार बरं होईल. खडक दोन्हीकडे बेसाल्टच, पण पाऊस आणि विहिरी इतक्या वेगळ्या की नुसते आकडे समोर ठेवले तरी वर्गात प्रश्न उभे राहतात.

कंपनलहरी

कराडला पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची बोअरहोल भूभौतिकी प्रयोगशाळा आहे. भेटीसाठी लेखी परवानगी लागते. पत्रात शिक्षकांची संख्या आणि 'ड्रिल केलेले खडकाचे गाभे दाखवावेत' (म्हणजे बोअरमधून काढलेले खडकाचे लांब दंडगोल) हे स्पष्ट लिहा. कोयनेजवळच्या रासाटी गावच्या बोअरमध्ये साधारण ९३० मीटर बेसाल्ट संपल्यावर थेट ग्रॅनाइट-नाइसचा पाया लागला. गोठणे गावी तर साधारण ३ किलोमीटर खोल बोअर घेतली आहे. हे गाभे पाहिले की पायाखाली काय आहे ते सांगावं लागत नाही.

वर्गासाठी भूकंपाचा केंद्रबिंदू शोधण्याचा सराव घ्या. तीन भूकंपमापन केंद्रांचे आलेख, प्रत्येकावर पी (आधी पोहोचणारी) आणि एस (मागून येणारी) या भूकंपलहरींमधला वेळ सेकंदांत, गुणिले ८, म्हणजे भूकंपापासूनचं अंतर किलोमीटरमध्ये. ५ सेकंद असतील तर ४० किलोमीटर. १ सेंटिमीटरला १० किलोमीटर असा नकाशा घेऊन कंपासने वर्तुळं काढा. ती एका बिंदूत मिळणार नाहीत, छोटा त्रिकोण राहील. हे आधीच सांगा, नाहीतर शिक्षक खोडून पुन्हा काढत बसतात. भूकंप जमिनीखाली होतो, त्यामुळे मिळतं ते तिरपं अंतर असतं, शिवाय ८ ही सरासरी आहे. त्रिकोणाचा मध्य धरा.

आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप शिकवताना 'धरणामुळे झाला' एवढं म्हणून थांबू नका. खडकात ताण आधीपासून होता, जलाशयाच्या भाराने आणि झिरपलेल्या पाण्याच्या दाबाने आधीचा भ्रंश (खडकातली मोठी भेग) सरकायला निमित्त मिळालं, असं मांडा.

केंद्रप्रमुख_पाटण

सर्वांचे मनापासून आभार. एक राहिलं: शाळा जास्त, संच १०. शिक्षकाची बदली झाली की पेटी कुठे जाते कळत नाही.

दगडमाती_कराड

संच शिक्षकाच्या नावावर देऊ नका, शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) चढवा. मग बदलीच्या वेळी पदभार देताना तो मोजूनच द्यावा लागतो. तीन-चार शाळांत एक संच, दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत पुढच्या शाळेकडे. पेटीच्या झाकणावर आतून नमुन्यांची क्रमांकवार यादी चिकटवा आणि तोच क्रमांक दगडावर ऑइलपेंटने लिहा. कागदी चिठ्ठी पहिल्याच पावसाळ्यात सुटते.