शब्दचर्चा : ‘स्वारी’, ‘चढाई’, ‘मित्रराष्ट्र’, ‘पाठिंबा’ – युक्रेनबद्दल लिहिताना कोणता शब्द कुठे?

पांझराकाठ (धुळे) :
नमस्कार मंडळी. राज्यसेवा मुख्य परीक्षेसाठी उत्तरं लिहिण्याचा सराव चालू आहे. अभ्यासिकेत आम्हाला प्रश्न आला तो असा : ‘परकीय आक्रमणाला तोंड देणाऱ्या मित्रराष्ट्राला राजकीय पाठिंबा देणे म्हणजे नेमके काय? युक्रेनच्या संदर्भात चर्चा करा.’ मुद्दे सगळ्यांचे सारखेच होते, शब्दांवरून मात्र जुंपली. एकानं ‘रशियाची स्वारी’ लिहिलं, दुसऱ्यानं ‘चढाई’, तिसऱ्यानं ‘विशेष लष्करी मोहीम’. तपासणाऱ्या सरांनी तिघांच्याही शब्दाखाली लाल रेघ ओढली आणि कारण काही सांगितलं नाही. शिवाय ‘मित्रराष्ट्र’ कुणाचं, कुणाला म्हणायचं? इथल्या जाणकारांनी खुलासा करावा.

अमळनेरच्या ताई :
सरांनी रेघ ओढली ते बरोबर, कारण न सांगणं बरोबर नाही. एकेक शब्द घेऊ.

‘स्वारी’ घोड्यावर बसण्यापासून आलेला शब्द. नादिरशहाची स्वारी, अब्दालीची स्वारी, आणि आपल्या पेशव्यांचीही स्वारीच. म्हणजे हा शब्द कुणाची बाजू घेत नाही, पण त्याला एक रुबाब आहे, अंबारी-निशाण आहे. त्यात पुन्हा ‘काय, स्वारी आली का घरी?’ असं आपण नवऱ्याबद्दल थट्टेनं म्हणतो. ज्या शब्दानं नवऱ्याची थट्टा होते, तो रशियन सैन्यानं जिथं नागरिक मारले त्या युक्रेनमधल्या बुचासारख्या गावाबद्दल लिहिताना वापरू नये असं माझं मत.

‘चढाई’ त्याहून जवळचा, पण आज त्याचं घर कबड्डीच्या मैदानात आहे. चढाई करणारा गडी समोरच्याच्या अंगणात शिरतो तो परत यायच्या बोलीवर. दम संपायच्या आत रेषा गाठली नाही तर तो बाद. रशियानं २०१४ मध्ये क्रिमिया स्वतःला जोडून घेतला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये दोनेत्स्क, लुहान्स्क, झापोरिझ्झिया आणि खेरसोन हे ४ प्रांतही आपलेच असल्याचं जाहीर केलं. परत जायचा इरादा नसलेल्या सैन्याला ‘चढाई’ तोकडा पडतो. २४ फेब्रुवारी २०२२ ला पहिल्या दिवशी जे झालं त्याला चढाई म्हणा हवं तर, पुढच्या सगळ्याला ‘आक्रमण’च.

आणि ‘मोहीम’. हा शब्द सगळ्यांत जपून वापरावा. लसीकरणाची मोहीम असते, स्वच्छतेची असते, मतदार नोंदणीची असते. मोहिमेला उद्दिष्ट असतं, पण समोर मार खाणारा माणूस लागतच नाही. म्हणूनच तो मॉस्कोला सोयीचा आहे, तिथलं सरकार याला ‘विशेष लष्करी मोहीम’च म्हणतं. रशियात मार्च २०२२ मध्ये सैन्याबद्दलच्या ‘खोट्या माहिती’साठी १५ वर्षांपर्यंत तुरुंगवासाचा कायदा झाला आणि याला युद्ध म्हणणाऱ्यांवर खटले चालले. तिसऱ्या मुलानं हे शब्द अवतरण चिन्हात घालून ‘रशियाच्या भाषेत’ एवढं जोडलं असतं तर त्याला पैकीच्या पैकी दिले असते.

एक जुना शब्द सुचवते : ‘परचक्र’. चक्र म्हणजे सैन्य, परचक्र म्हणजे परक्याची फौज. ‘गावावर परचक्र आलं’ असंच आपण म्हणतो, ‘आम्ही परचक्र नेलं’ असं कुणी म्हणत नाही. बाकीचे शब्द जाणाऱ्याच्या बाजूनं आहेत, हा एकटाच ज्याच्यावर आलं त्याच्या बाजूनं. परीक्षेत ‘आक्रमण’ लिहा, निबंधात एखाद वेळी ‘परचक्र’ येऊ द्या.

रावेरकर :
ताई, आमच्याकडे एवढ्या शब्दांत शिरत नाहीत भो. २०१४ ला शेजाऱ्यानं बांध कोरला, गावानं ‘असू दे, एका सरीची जमीन गेली’ म्हटलं. २०२२ ला त्यानं उभ्या पिकात नांगर घातला. मग तलाठी, पंच, सगळे जागे झाले.

पहिल्या वेळी गावानं काहीच केलं नाही असं मात्र नाही. २७ मार्च २०१४ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युक्रेनच्या अखंडतेच्या बाजूनं ठराव झाला होता : १०० बाजूनं, ११ विरोधात, ५८ तटस्थ. पंचनामा झाला, ताबा गेला तो गेलाच.

(अवांतर : या युद्धानं केळीवाल्यांना पोटॅशचा भाव शिकवला. रशिया आणि बेलारूस दोघंही पोटॅशचे मोठे विक्रेते, त्यामुळं आमच्या शिवारात नकाशा न बघता लोकांना बेलारूसची राजधानी मिन्स्क कुठं ते कळलं.)

गिरणाकाठ (चाळीसगाव) :
‘मित्रराष्ट्र’बद्दल माझा आक्षेप आहे, तो थोडा लांबणार.

मराठी वर्तमानपत्रांनी दुसऱ्या महायुद्धात ‘दोस्त राष्ट्रे’ हा शब्द रुळवला. त्याला तेव्हा पक्का अर्थ होता : एका बाजूनं लढणारे देश. आता ‘मित्रराष्ट्र’ हा शब्द ज्याच्याशी बरं चाललंय त्या कुणालाही लावतात. पाहुणा पंतप्रधान आला, मिठी झाली, की मित्रराष्ट्र. पण युद्ध उभं राहिलं की खरा प्रश्न एकच असतो, कागदावर काय लिहिलंय?

‘नाटो’ या अमेरिका-युरोपच्या लष्करी संघटनेचा करार ४ एप्रिल १९४९ चा. त्याच्या ५ व्या कलमात एकावरचा हल्ला तो सगळ्यांवरचा हल्ला असं म्हटलंय. पण पुढची ओळ लोक वाचत नाहीत. मदत म्हणून प्रत्येक सदस्यानं ‘त्याला आवश्यक वाटेल ती’ कृती करायची आहे, त्यात सैन्य पाठवणं येऊ शकतं, यायलाच हवं असं नाही. हे कलम आजवर एकदाच वापरलं गेलं, ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर. आणि युक्रेन तर या कराराचा सदस्यच नाही. उलट या आक्रमणानंतर घाबरून आत गेले ते फिनलंड (२०२३) आणि स्वीडन (२०२४).

युक्रेनकडं कागद होता तो वेगळाच, १९९४ चा बुडापेस्टचा. सोव्हिएत काळातली अण्वस्त्रं युक्रेननं सोडायची आणि रशिया, अमेरिका, ब्रिटन यांनी त्याच्या सीमांचा मान राखायचा. या कागदाच्या इंग्रजी प्रतीत ‘आश्वासन’ आहे, युक्रेनियन आणि रशियन प्रतींत ‘हमी’. आता आपल्याकडं सोसायटीचं कर्ज काढलेल्या कुणालाही विचारा, आश्वासन देणारा आणि हमीदार यांत फरक काय. हमीदाराच्या दारात जप्ती येते. आश्वासन देणाऱ्याच्या दारात कुणी येत नाही.

आपलंही बघा. ९ ऑगस्ट १९७१ चा भारत-सोव्हिएत करार शांतता, मैत्री आणि सहकार्याचा. त्याच्या ९ व्या कलमात हल्ला झाला तर लगेच ‘सल्लामसलत’ करायची एवढंच होतं. तरी बांगलादेश युद्धात तो आपल्याला पुरला. म्हणजे कागद कमी आणि इच्छा जास्त असंही होतं, आणि उलटंही.

आणि ‘मित्र’ शब्दाचा सगळ्यांत महागडा मराठी वापर वसईच्या तहात, ३१ डिसेंबर १८०२. होळकरांच्या भीतीनं दुसऱ्या बाजीरावानं कंपनीशी मैत्री केली, तैनाती फौज घेतली, तिच्या खर्चापोटी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख दिला. १८१८ मध्ये पेशवाई गेली ती याच मित्राच्या हातानं. त्याच वर्षी इकडं थाळनेरला काय झालं ते शिरपूरकरांना ठाऊक असेल. मंदसोरच्या तहानं होळकरांचे खानदेशातले किल्ले कागदावर कंपनीकडं गेले होते. थाळनेरच्या किल्लेदारानं किल्ला लढवला, तर सर थॉमस हिस्लॉपनं त्याला बंडखोर ठरवून फाशी दिली. स्वतःचा किल्ला राखणारा ‘बंडखोर’ आणि घ्यायला आलेला ‘हक्कदार’. शब्द आधी ठरतो तो असा.

तेव्हा पांझराकाठ, उत्तरात युक्रेनला पोलंडचं किंवा ब्रिटनचं ‘मित्रराष्ट्र’ म्हणायला हरकत नाही, पण ‘कराराने बांधलेले नव्हे’ हे एका वाक्यात लिहाच.

माजी उपसंपादक (भुसावळ) :
मी ‘पाठिंबा’बद्दल लिहितो, आयुष्य त्या शब्दाचे मथळे करण्यात गेलं.

हा आता आघाडी सरकारांच्या राजकारणातला शब्द झालाय. जाहीर पाठिंबा, बिनशर्त पाठिंबा, आणि सगळ्यांत लाडका ‘बाहेरून पाठिंबा’. मंत्रिमंडळात बसायचं नाही, दोष घ्यायचा नाही, पण सरकार आपल्या जिवावर चालतंय हे रोज ऐकवायचं. काँग्रेसनं चंद्रशेखर यांना तसा दिला आणि १९९१ मध्ये ते सरकार गेलं. देवेगौडांना दिला आणि १९९७ च्या मार्चमध्ये काढून घेतला. पाठिंब्याला लागणारं क्रियापदच ‘काढून घेणे’ आहे! मदत काढून घेत नाहीत, ती थांबते. कुमक परत फिरते. पाठिंबा तेवढा काढून घेता येतो.

युक्रेनला पाश्चात्त्य देशांचा आहे तो शब्दशः बाहेरून पाठिंबा. लढायचं त्यांनी, हिशेब मागायचा यांनी. जून २०२२ मध्ये ‘जी-७’ गटातले श्रीमंत देश म्हणाले, लागेल तितका काळ पाठीशी राहू. डिसेंबर २०२३ मध्ये युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की शेजारी उभे असताना तेव्हाचे अमेरिकी अध्यक्ष बायडेन म्हणाले, जमेल तितका काळ. ‘लागेल’ आणि ‘जमेल’! तेव्हा मदतीचं विधेयक अमेरिकी संसदेत अडकून पडलं होतं, ते प्रतिनिधिगृहात मंजूर व्हायला २० एप्रिल २०२४ उजाडला. आकडेही बोलतात. २ मार्च २०२२ ला आमसभेत रशियाचा निषेध करणाऱ्या ठरावाला १४१ मतं होती. २४ फेब्रुवारी २०२५ ला युक्रेन आणि युरोपनं मांडलेल्या ठरावाला ९३, आणि विरोधात मत देणाऱ्या १८ देशांत खुद्द अमेरिका!

त्यामुळं या प्रश्नात ‘राजकीय पाठिंबा’ हाच शब्द योग्य आहे, तो थोर आहे म्हणून नाही, तर काढून घेता येतो म्हणून. ‘पाठराखण’ मात्र लिहू नका. पूर्वी तो चांगला शब्द होता, आता ‘दोषी अधिकाऱ्याची पाठराखण’ एवढ्यापुरता उरलाय.

शिरपूरकर :
अहिराणीत कोणी ‘पाठिंबा’ देत नाही. ‘मी शे ना तुन्हा मांगे’ (मी आहे ना तुझ्या मागे) म्हणतात. मागे उभं राहून काठी धरणार की नुसता उभा राहणार, ते वेळ आल्यावर कळतं.

निवृत्त वरणगावकर :
जन्म दारूगोळ्याच्या फॅक्टरीत गेला, म्हणून दोन शब्द. वर ‘कुमक’ आणि ‘मदत’ एकाच ओळीत आलेत, ते वेगळे ठेवा. कुमक म्हणजे माणसं, ताज्या दमाची तुकडी. रसद म्हणजे दाणा, इंधन, दारूगोळा. युक्रेनला रसद मिळाली, कुमक नाही. बातम्यांत सर्रास ‘युक्रेनला अमेरिकेची कुमक’ लिहितात, ते चूक.

आणि रसदीचं गणित भाषणावर चालत नाही. १५५ मिलिमीटरच्या तोफगोळ्याचं पोलादी कवच घडवायचं, त्यात स्फोटक भरायचं, फ्यूज वेगळा, मागचा दारूचा चार्ज वेगळा. यातली एक लाइन अडली की बाकीचा माल तयार असून पडून. कारखाना वाढवायचा तर मशीन, कसबी माणूस आणि स्फोटकाचा पुरवठा तिन्ही एकदम लागतात. युरोपीय संघानं मार्च २०२३ मध्ये वर्षभरात १० लाख गोळे द्यायचं कबूल केलं. वर्ष भरलं तेव्हा सुमारे निम्मेच पोचले होते. दानत नव्हती असं मी म्हणणार नाही, लाइन नव्हती. याला आमच्या भाषेत ‘वायदा’ म्हणतात. पाठिंबा ठरावानं होतो, वायदा पाळायला तिन्ही पाळ्यांत माणसं उभी करावी लागतात.

गोळी सुटल्यावर उरते ती ‘पुंगळी’. काही ठिकाणी ‘काडतुसे सापडली’ छापतात तेव्हा ती रिकामी की भरलेली कळत नाही. रिकामी असेल तर पुंगळीच लिहावं.

पांझराकाठ :
सगळ्यांचे आभार. एक राहिलं. भारतानं २०२२ च्या त्या मतदानात काय केलं? ‘तटस्थ राहिला’, ‘गैरहजर राहिला’, ‘अलिप्त राहिला’ हे तिन्ही वाचलंय.

अमळनेरच्या ताई :
तिन्ही वेगळे आहेत. आमसभेत १९३ सदस्य. १४१ बाजूनं, ५ विरोधात (रशिया, बेलारूस, उत्तर कोरिया, सीरिया, एरिट्रिया), ३५ तटस्थ. बेरीज १८१. उरलेल्या १२ देशांनी मतदानात भागच घेतला नाही, ‘गैरहजर’ म्हणायचं तर त्यांना. भारत त्या ३५ मध्ये. आपला प्रतिनिधी सभागृहात होता, बटण दाबलं, ते तटस्थतेचं. ‘अलिप्त’ हे धोरणाचं नाव आहे, एका दिवसाच्या मताचं नाही.

गिरणाकाठ (चाळीसगाव) :
तटस्थतेची दुसरी बाजूही उत्तरात येऊ द्या. १९६२ मध्ये आपल्यावर चीन आला. मराठीत त्याला सर्रास ‘चिनी आक्रमण’च म्हणतात. यशवंतराव दिल्लीला गेले तेव्हा ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ असं आपण म्हणालो. पण डिसेंबरात कोलंबोला जमलेल्या ६ अलिप्त देशांनी तोडगा सुचवला, चीनला आक्रमक मात्र म्हटलं नाही. शस्त्रं आली ती अमेरिका-ब्रिटनकडून, अलिप्त मित्रांकडून नव्हे. तो शब्द न मिळाल्याचं दुःख नेहरूंच्या पिढीला होतं. मग ६० वर्षांनी तोच शब्द आपण कीव्हला का दिला नाही, हे विचारायला हरकत नसावी. रशियाची शस्त्रं, तेल, १९७१ ची आठवण ही कारणं खरी आहेत, ती लिहा. पण किंमत शून्य होती असं लिहू नका.

तापीपल्याड (चोपडा) :
आणि २००३ चं इराक? तेव्हा ‘इराक युद्ध’ म्हणत होतो सगळे. गोरा गेला की युद्ध, रशियन गेला की आक्रमण?

माजी उपसंपादक (भुसावळ) :
बरोबर पकडलंत. सुरक्षा परिषदेची परवानगी नव्हती, त्यामुळं तेही आक्रमणच, आणि संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी २००४ मध्ये त्याला बेकायदेशीर म्हटलं होतं. १९९१ च्या कुवेतसाठीच्या युद्धाला मात्र तसं म्हणता येत नाही. तिथं आधी सद्दामचं आक्रमण होतं आणि सुरक्षा परिषदेचा ६७८ क्रमांकाचा ठराव हातात होता. पण इराकला आक्रमण म्हणायचं राहिलं म्हणून युक्रेनलाही म्हणायचं नाही, हा युक्तिवाद मला पटत नाही. दोन्हीकडं तोच शब्द लिहा.

पांझराकाठ :
शेवटचा शब्द. वाटाघाटींच्या बातम्यांत ‘युद्धबंदी’ येतो. लढाई थांबणं की पकडलेले सैनिक?

अमळनेरच्या ताई :
दोन्ही, आणि म्हणूनच टाळा. ‘युद्धबंदीची बोलणी’ आणि ‘युद्धबंदींची सुटका’ यांत फरक एका अनुस्वाराचा, आणि तो छपाईत पहिला उडतो. लढाई थांबली तर ‘शस्त्रसंधी’, माणसं असतील तर ‘युद्धकैदी’. आणि शस्त्रसंधी म्हणजे तह नव्हे. कोरियात १९५३ ला शस्त्रसंधी झाली, तह अजून व्हायचाय.