फायबर गेलं की दुसरं इंटरनेट काय ठेवता? (डेस्कटॉप, कुडाळ, बजेट २०००)

हिशेबनीस
नमस्कार मंडळी. कुडाळात घरूनच जीएसटी, इन्कमटॅक्सची कामं करतो. घरी फायबर आहे, एरवी तक्रार नाही. पण पाऊस लागला की कुठेतरी फांदी पडते आणि राउटरवर एलओएसचा (बाहेरून सिग्नल येत नसल्याचा) लाल दिवा लुकलुकायला लागतो. लाइनमन उगवेपर्यंत आपण बसायचं खिडकीत. आणि हे नेमकं ११ नाहीतर २० तारखेच्या, म्हणजे जीएसटी रिटर्नच्या शेवटच्या दिवसाच्या तोंडावर!
डेस्कटॉप जुना आहे, वायफाय नाही, राउटरवरून लॅनची वायर आलीय. टॅली आणि डिजिटल सहीचं टोकन याच मशीनवर, त्यामुळे 'मोबाइलवरून भरून टाका' हे नको. एकदाच २००० पर्यंत खर्च, वर महिन्याला फार तर २००. काय करावं?

एरंडवणेकर
मी दोन कंपन्यांची फायबर घेतलीत, मध्ये ड्युअल वॅन (दोन कनेक्शनं एकदम लागणारा) राउटर. एक गेलं की दुसरं आपोआप सुरू, मुलांचा गेमसुद्धा फार अडत नाही. राउटर साडेआठ हजारांना पडला, पण रडगाणं कायमचं संपलं.

हिशेबनीस
साहेब, बजेट शीर्षकातच लिहिलंय.

एरंडवणेकर
लेट फी भरण्यापेक्षा स्वस्तच आहे.

डोंगरपाखरू
दोन फायबरवर फार विसंबू नका. आमच्या गल्लीत दोन्ही कंपन्यांच्या वायरी एकाच खांबावरून येतात. गटाराच्या कामाला जेसीबी आला आणि एका फटक्यात दोन्ही खल्लास. दुसरं कनेक्शन घ्यायचंच तर आधी रस्त्यावर उभं राहून मान वर करून वायर कुठून येते ते बघा.

ठाण्याची_काकू
माझ्याकडे टाटा फोटॉनचा डोंगल अगदी नव्यासारखा पडून आहे. हवा असेल तर कुरिअर करते.

वायरमन्या
काकू, ते सीडीएमए होतं, ते नेटवर्कच बंद होऊन जमाना झाला. नातवाला खेळायला द्या.

ठाण्याची_काकू
तरीच दिवा लागत नाही.

निवृत्त_खातेवाला
दूरसंचारमध्ये आयुष्य गेलं, म्हणून लिहितो. इथे एक पैसा खर्च करायची गरज नाही. अँड्रॉइड फोन यूएसबी वायरने डेस्कटॉपला लावा. फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉट आणि टेदरिंग, त्यात यूएसबी टेदरिंग चालू करा, की फोनचं नेट कॉम्प्युटरला मिळतं. विंडोज १० किंवा ११ असेल तर ड्रायव्हर शोधत बसावं लागत नाही. मात्र वायर डेटावाली हवी. काही स्वस्त वायरी नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यांनी फोन चार्ज होईल आणि तुम्ही मला शिव्या घालाल.
रिटर्न भरायला डेटा लागतो किती? पोर्टलची पानं आणि अपलोडची छोटीशी फाइल. तुम्हाला वेग नकोय, जिवंत कनेक्शन हवंय.

बिनतारी
हे मी केलं होतं. फोन जोडला, टेदरिंग चालू, तरी ब्राउझर ढिम्म. कॉम्प्युटर मेलेल्या फायबरलाच चिकटून बसलेला.

वायरमन्या
@बिनतारी, बसणारच. तुटलीय बाहेरची वायर. तुमचा कॉम्प्युटर ते राउटर हा तुकडा शाबूत आहे, म्हणून विंडोजच्या लेखी लॅन चालू. दोन रस्ते असले की ज्याचा मेट्रिक (पसंतीक्रमाचा) आकडा लहान, तो रस्ता ते धरतं. पुढे पूल वाहून गेलाय की नाही ते बघत नाही.
सोपा उपाय, लॅनची वायर उपटा. नाहीतर एनसीपीए डॉट सीपीएल (विंडोजमधली नेटवर्क कनेक्शनची यादी) उघडून फोनच्या अ‍ॅडॉप्टरच्या प्रॉपर्टीज, आयपीव्ही४, अ‍ॅडव्हान्स्ड इथे ऑटोमॅटिक मेट्रिकची खूण काढा आणि ५ टाका. फोन जोडला की नेट फोनवरून, काढला की पुन्हा फायबर. आयपीव्ही६ लाही तेच करा, ते लोक हमखास विसरतात.

एरंडवणेकर
एवढी खटपट! माझ्याकडे आपोआप होतं.

मालवणी_खाजा
मेल्या, वीस तारखेची वाट बघतंस कित्याक? पंधराक भरून मोकळो हो.

हिशेबनीस
@मालवणी_खाजा, क्लायंट बिलांची पिशवी १९ तारखेला रात्री आणून देतात रे बाबा. कधीकधी २० ला.

पिंपरीचा_पंप
एअरफायबर घ्या! २०२३ च्या गणेश चतुर्थीला जिओने आणलं, तेव्हा पहिल्या आठ शहरांत पुणे होतं. वायरच नाही, तुटणार काय?

हिशेबनीस
सुरुवातीचा प्लॅन ५९९ चा होता ना? १८ टक्के जीएसटी धरून ७०६ रुपये ८२ पैसे. महिन्याला. आणि मी पुण्यात नाही.

निवृत्त_खातेवाला
आणखी दोन गोष्टी राहिल्या. सिम फायबरवाल्या कंपनीचं नको, दुसऱ्या कंपनीचं घ्या. मोठी केबल तुटली तर त्याच कंपनीचा टॉवरही आडवा होऊ शकतो. नुसतं सिम आणून खणात टाकू नका. मूळ रिचार्ज जिवंत नसेल तर वरून डेटा पॅक मारून उपयोग नसतो, आणि हे नेमकं २० तारखेला कळतं.
दुसरं, फोनचं कनेक्शन विंडोजमध्ये 'मीटर्ड' (डेटा मोजून वापरायचं) करून ठेवा. नाहीतर मागच्या दाराने अपडेट उतरायला लागतात आणि दिवसाचा दीड जीबी दुपारच्या जेवणाआधी संपतो.

डोंगरपाखरू
दोन फायबर एकाच खांबावरून येतात का, ते बघा हे मी वर लिहिलंच आहे.

सुगरण_नाही
कोकणात फायबरपेक्षा लाइट जास्त जाते हो. राउटरला आधी मिनी यूपीएस लावा. राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवर किती व्होल्ट, किती अ‍ॅम्पिअर ते वाचून घ्या, बरेच १२ व्होल्टचे असतात, पण सगळे नाहीत. आमच्याकडे जावेने न बघता आणला, तो आता शोकेसमध्ये आहे.

बिनतारी
मिनी यूपीएस कशाला, सरळ इन्व्हर्टर घ्या. बॅटरी ट्यूब्युलरच.

सुगरण_नाही
दोन हजारांत ट्यूब्युलर बॅटरी कुठे मिळते ते सांगा, मीही घेते.

वायरमन्या
आणि राउटर जिवंत असून उपयोग तेव्हाच, जेव्हा पलीकडचं यंत्र जिवंत असेल. जीपॉन (एका फायबरला स्प्लिटरने फाटे फोडून घरोघर देण्याची पद्धत) असेल तर मधल्या स्प्लिटरला वीज लागत नाही. पण लोकल केबलवाल्याने खांबावर स्विच टांगला असेल तर गल्लीची लाइट गेली की तोही गेला. (बॅटरीचा वाद नवीन धाग्यावर न्या, हात जोडतो.)

हिशेबनीस
सगळ्यांचे आभार. टेदरिंग करून बघितलं, चालतं. मेट्रिकची युक्ती झकास, वायरमन्या. पण कॉम्प्युटरच्या खोलीत रेंजची एकच काडी, आणि दिवसभर क्लायंटचे फोन त्याच मोबाइलवर. तो टेबलाला बांधून ठेवणं काही जमेना.
म्हणून वेगळंच केलं. समोरच्या दवाखान्यात दुसऱ्या कंपनीचं फायबर आहे, ते मागच्या रस्त्याने येतं (हो डोंगरपाखरू, मान वर करून बघितलं). डॉक्टरांचं रिटर्न मीच भरतो. गल्लीवरून ४० मीटर कॅट सिक्स वायर ओढली. माझं गेलं की त्यांची वायर लावायची, त्यांचं गेलं की त्यांनी माझी. खर्च बजेटमध्ये, महिन्याला शून्य.

निवृत्त_खातेवाला
अहो, दोन इमारतींमध्ये उघड्यावरून तांब्याची वायर, तीही कोकणात? जवळपास वीज पडली तर दोन्हीकडचे राउटर आणि तुमचा डेस्कटॉप एकदम जातील. दोन घरांची अर्थिंगही वेगळी. फायबरचा तुकडा आणि दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅनची वायर जोडणारे डबे) घाला. शिवाय कनेक्शन ज्याच्या नावावर, जबाबदारी त्याची. डॉक्टरांना निदान तुमच्यासाठी वेगळं गेस्ट नेटवर्क करायला सांगा.

हिशेबनीस
वायर ओढून झाली काका. गडगडायला लागलं की दोन्ही टोकं काढून ठेवतो.

निवृत्त_खातेवाला
रात्री दोन वाजता गडगडलं तर?

एरंडवणेकर
ड्युअल वॅन घेतला असता तर.

पिंपरीचा_पंप
अवांतर: हिशेबनीस, जीएसटीच्या ३बी रिटर्नला उशीर झाला तर दिवसाला किती लागतात? माझं मागच्या महिन्याचं राहिलंय.

हिशेबनीस
५० रुपये रोज, २५ केंद्राचे, २५ राज्याचे. निल, म्हणजे व्यवहारच नसतील, तर २०. कर भरायचा असेल तर वर १८ टक्क्यांनी व्याज.

पिंपरीचा_पंप
निलच आहे. पण आज नेट गेलंय, मोबाइलवरून कसंबसं लिहितोय.

हिशेबनीस
मग १४४०९ वर एसएमएस करा. निल ३बी ला २०२० पासून इंटरनेट लागतच नाही.