विषय: लायब्ररीतलं होलोकॉस्ट प्रदर्शन, मंडळातर्फे जायचं का?

सगळ्यांना नमस्कार,

आपल्या लायब्ररीत 'अमेरिकन्स अँड द होलोकॉस्ट' (होलोकॉस्ट म्हणजे नाझींनी केलेला ज्यूंचा संहार) हे फिरतं प्रदर्शन आलंय, वॉशिंग्टनचं होलोकॉस्ट म्युझियम आणि अमेरिकन लायब्ररी असोसिएशन मिळून ते ठिकठिकाणच्या लायब्रऱ्यांत पाठवतात, तिकीट वगैरे काही नाही. मी बघून आले आणि मनापासून वाटतंय की मंडळाने ग्रुप न्यावा, विशेषतः हायस्कूलची मुलं. छळछावण्यांबद्दल ती शाळेत शिकतात, इथे प्रश्न वेगळा आहे, इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या लोकांना त्या वेळी काय माहीत होतं आणि त्यांनी काय केलं. नोव्हेंबर 1938 चा गॅलप पोल (जनमत चाचणी) बघा, 94 टक्के लोक म्हणतात जर्मनीत ज्यूंशी चाललंय ते चूक, आणि मग त्यांना जास्त संख्येने इथे येऊ द्यायचं का विचारलं तर सत्तरहून जास्त टक्के चक्क नाही म्हणतात. माझा तिथून पाय निघेना.

आणि व्हिसा. जर्मनी-ऑस्ट्रिया मिळून अमेरिकेच्या व्हिसांचा कोटा वर्षाला 27,370, 1939 च्या मध्याला रांगेत तीन लाखांवर माणसं, त्यात इथल्या कुणीतरी स्वतःची मिळकत दाखवून अॅफिडेव्हिट (हमीपत्र) द्यायचं, ते येईपर्यंत बाकीच्या एखाद्या कागदाची मुदत संपायची की पुन्हा धावपळ. त्याच वर्षी 20,000 निर्वासित मुलांना कोट्याबाहेर आणायचं बिल (विधेयक) आलं होतं, ते मतदानापर्यंतसुद्धा पोचलं नाही.

---

ताई, प्रदर्शन चांगलंच असणार, पण मंडळाच्या नावाने न्यायचं तर लोक विचारतील की आपला याच्याशी संबंध काय. आणि आमच्याकडे नात आठ वर्षांची आहे, तिला हे झेपेल का? लहान मुलं घरी ठेवायची तर आईबाबांपैकी एकजण अडकणार.

---

काका, नातीला नको, वॉशिंग्टनचं म्युझियमच त्यांचं मुख्य प्रदर्शन अकरा वर्षं आणि पुढच्या मुलांसाठी सुचवतं, आपणही तेच धरू.

संबंधाचं म्हणाल तर आकाशवाणीची सकाळची धून आठवते ना? ती वॉल्टर कॉफमन यांची मानतात, ते प्रागहून 1934 मध्ये मुंबईत आलेले ज्यू निर्वासित. त्याच वर्षी मुंबईत ज्युइश रिलीफ असोसिएशन उभी राहिली, ही माणसं सरकारवर भार होणार नाहीत अशी हमी ती संस्था द्यायची. म्हणजे कागद तिकडेही लागायचेच, फक्त सही करणारं कुणीतरी होतं म्हणून काही जण वाचले. पण खरं सांगू, हा धागा नसता तरी मी जा म्हटलं असतं. आपण या देशात राहतो, इथे मत देतो, इथला हा इतिहास आपल्या मुलांचा आहे. आपल्या व्हिसाच्या रांगेशी याची तुलना मात्र कुणी करू नका प्लीज, आपल्यामागे कुणी बंदूक घेऊन लागलं नव्हतं.

---

दोघांचेही आभार. मी लायब्ररीत ग्रुपसाठी विचारते, शनिवारी सकाळी जमेल असं वाटतंय. अकरा वर्षांखालच्या मुलांना खालच्या चिल्ड्रन्स रूममध्ये मी घेऊन बसेन, माझं बघून झालंय. प्रत्येकाने वाचायला वेळ ठेवा, पोटलक वगैरे त्या दिवशी नको. येणाऱ्यांनी मुलांच्या वयासकट इथेच रिप्लाय करा.