लससक्ती, चक्का जाम आणि बुडालेले पगार: तुमचे अनुभव सांगा

सांजमोगरा

काल लेकाला शाळेतून आणत होते. सिग्नलला अठरा चाकी ट्रक उभा. लेकाने मूठ वर करून खाली ओढायची खूण केली आणि ड्रायव्हरने हसून भोंगा वाजवला. लेक टाळ्या पिटतोय आणि माझे हात गार पडलेले. इतकी वर्षं झाली तरी.

२०२२ च्या जानेवारीत आम्ही कॅनडाच्या राजधानीत, ओटावाला संसदेपासून दोन गल्ल्या सोडून राहायचो. बाळ तीन महिन्यांचं. १५ जानेवारीपासून कोविडची लस न घेतलेल्या ट्रकवाल्यांना अमेरिकेतून परतल्यावर विलगीकरण सक्तीचं झालं, आणि त्याच्या निषेधात २९ च्या शनिवारी आमच्या इथला वेलिंग्टन स्ट्रीट ट्रकांनी गच्च भरला. नंतर लोक त्याला आंदोलन म्हणोत नाहीतर जत्रा, माझ्यासाठी ते भोंगे होते. रात्री दोनला, पहाटे पाचला. घरात बिनखिडकीची एकच खोली, ती म्हणजे बाथरूम. बाथटबमध्ये दुलई अंथरून बाळाला तिथे निजवायचे आणि वरचा पंखा चालू ठेवायचे, तेवढाच आवाज दबायचा. तरी भोंगा झाला की झोपेतच दोन्ही हात हवेत फेकायचा. उशीच्या अभ्र्यांना डिझेलचा वास.

७ फेब्रुवारीला कोर्टाने भोंग्यांना मनाई केली. दावा लावणारी मुलगी अवघी एकवीस वर्षांची होती. तिचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

नवरा मॉलमधल्या दुकानात, तासावर पगार. मॉल बंद झाला तो २२ फेब्रुवारीला उघडला. पुढे सरकारने छोट्या धंद्यांना दहा हजार डॉलरपर्यंत मदत जाहीर केली, ती मालकांसाठी. आमचे तीन आठवडे गेले ते गेलेच. नेमका राग कोणावर धरायचा हे मला अजून ठरवता येत नाही, म्हणून धागा काढला. तुमच्याकडे काय झालं?

वडाचीपारंबी

बाथटबचं वाचून पोटात कालवलं गं. बाळ आता कसं आहे? आवाजाला दचकतं का?

सांजमोगरा

अजिबात नाही ताई, आता तोच भोंगे वाजवायला लावतो 🙂 दचकते ती मी.

नदीकाठी

विंडसर, अमेरिकेच्या सीमेवरचं शहर. पलीकडे नेणारा अॅम्बेसेडर पूल आंदोलकांमुळे ७ फेब्रुवारीला अडला आणि १३ च्या रात्री उशिरा मोकळा झाला. एक आठवडा. बातमीत एक आठवडा छोटा वाटतो. कॅनडा-अमेरिका व्यापाराचा जवळजवळ चौथा हिस्सा तेव्हा त्या एका पुलावरून जायचा, आणि गाड्यांच्या कारखान्यात गोदाम नावाला असतं. सुटे भाग सकाळी येतात, दुपारी गाडीत बसतात. आमच्या लाइनवर पलीकडून येणारी एक छोटी ब्रॅकेटची पट्टी लागायची, मुठीत मावेल एवढी. मंगळवारी तिचं शेवटचं खोकं उघडलं. मी स्वतः तळात हात घालून उरलेल्या मोजल्या, एकोणीस निघाल्या. त्या संपल्या आणि सुपरवायझर म्हणाला, घरी जा, फोन करू. फोन पुढच्या आठवड्यात आला. टोयोटा, फोर्ड, जीएम सगळ्यांच्याच शिफ्टा कापल्या होत्या, त्यामुळे तक्रार तरी कोणाकडे करणार.

माझ्या शेजारी काम करणारा रोज संध्याकाळी पुलावर झेंडा घेऊन जायचा. त्याचाही आठवडा बुडाला. मला म्हणाला, एक आठवडा काय घेऊन बसलास, माझ्या भावाची नोकरीच गेली लस न घेतल्यामुळे, आणि बेकारभत्तासुद्धा नाकारला. हे खरं होतं. लससक्ती न पाळून नोकरी गेली तर बहुतेकांना तो भत्ता मिळत नव्हता. मला उत्तर सुचलं नाही.

पोळीभाजी_डबा

विंडसरला मराठी आहेत??? आम्ही मार्चमध्येच आलोय इथे. पाडव्याला कुणाकडे जमता का?

नदीकाठी

हो, वीसेक घरं आहोत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

हायवेवरची

ब्रॅम्प्टन. यजमान ट्रक चालवतात, यार्डात बहुतेक पंजाबी भाऊ, आम्ही एकटेच मराठी. पहिल्यांदा हे सांगते की त्या यार्डातल्या सगळ्यांनी लस घेतली होती. देशात बहुसंख्य ट्रकवाल्यांनी घेतली होतीच. पण त्या महिन्यात "नवरा ट्रकवाला" म्हटलं की लोकांचे चेहरे बदलायचे. किराणाच्या रांगेत एका बाईने मला ऐकवलं, तुमच्यामुळे शहर ओलीस धरलंय. मी पिशवी तिथेच ठेवून घरी आले.

पूल अडल्यावर सगळी वाहतूक सार्नियाच्या ब्लू वॉटर पुलाकडे वळली. ह्यांचे रांगेतच तास संपले. ट्रकवाल्याला दिवसाला ठरावीक तासच गाडी चालवता येते आणि रांगेत इंच इंच सरकणंसुद्धा त्यातच धरतात. मग लाइनीतून बाहेर काढून झोपा. पैसे मैलावर मिळतात, उभ्या गाडीचे कोण देणार! फोनवर फक्त एवढंच म्हणाले, मेथीचे ठेपले संपले.

आणि हेही सांगते, आंदोलन मुळीच न पटूनही ते म्हणायचे की दोन वर्षं आम्ही केबिनमध्ये एकटे बसून तुमची औषधं, भाज्या आणल्या, तेव्हा हिरो होतो. नियम आणताना आमच्याशी कोणी बोललंसुद्धा नाही.

वडाचीपारंबी

हायवेवरची, त्या बाईचं मनावर घेऊ नका हो. ठेपले किती दिवस टिकतात तुमचे? लेकाला हॉस्टेलला पाठवायचेत.

हायवेवरची

दह्याऐवजी तेलाचं मोहन जास्त घाला, सात-आठ दिवस आरामात.

कोरडाकाठ

जहाजावर आहे, नेट येतंजातं म्हणून थोडक्यात. ऑक्टोबर २०२१, त्रिएस्ते. १५ तारखेपासून इटलीत कोणत्याही कामावर जायला ग्रीन पास, म्हणजे लस किंवा चाचणीचा दाखला, सक्तीचा. लस नसेल तर दर दोन दिवसांनी चाचणी. गोदी कामगार गेटवर बसले, १८ ला पोलिसांनी पाण्याचे फवारे मारून उठवले. बंदर पूर्ण बंद नव्हतं, पण आमचा नंबर लागेना. आमच्यातल्या सहा जणांना लस हवी होती आणि मिळत नव्हती, कारण किनाऱ्यावर उतरायची परवानगीच नाही. डेकवरून दुर्बिणीने ती गर्दी बघत होतो.

दुसरीबाजू

इथे लिहावं की नाही, दोन दिवस विचार केला. मी ओटावाला दुसऱ्या शनिवारी संसदेसमोर होतो. ५ फेब्रुवारी. सरकारी नोकरी, लस घेतली नाही म्हणून नोव्हेंबर २०२१ पासून बिनपगारी रजेवर. लसविरोधी वगैरे मी नाही, मुलांना सगळ्या लसी वेळेवर दिल्यात. धाकट्या बहिणीला एका इंजेक्शनने झालेला त्रास डोळ्यांनी बघितलाय, ती भीती निघतच नव्हती. डॉक्टर म्हणाले, ही सूट मिळण्यासारखी अडचण नाही. घरघंटी विकली, आरडी मोडली, बायको दोन ठिकाणी काम करायची. तिथे गेलो कारण तीन महिन्यांत पहिल्यांदा कोणी मला मूर्ख म्हणत नव्हतं. आंदोलनाला पन्नास डॉलर वर्गणीही दिली. १४ तारखेला आणीबाणीचा कायदा लागला आणि खाती गोठवणार अशी बातमी आली, तेव्हा बायको एटीएमपुढे रांगेत उभी राहून रडली. आमचं खातं गोठलं नाही. पण ती रात्र गेली.

जूनमध्ये सक्ती उठली, कामावर परतलो. माझं टेबल कोणीतरी प्रिंटरजवळ सरकवलं होतं. कोणी काही बोललं नाही.

रात्रपाळी

दादा, मी टोरोंटोत नर्स. तेव्हा आम्हाला सांगितलं होतं, येताजाता गणवेश घालू नका, आंदोलक आहेत. अतिदक्षतेत दोन वर्षं काढून रुग्णालयाच्या दारात ओळख लपवून शिरायचं, ते मी विसरू शकत नाही. सक्ती बरोबर होती असंच मला आजही वाटतं, कारण मी माणसं गुदमरताना बघितली आहेत. पण तुमच्या भीतीवर कोणी तासभर शेजारी बसून बोललं असतं तर तुम्ही घेतली असती असं वाटतं. मी आमच्या वॉर्डातल्या एका सफाई कामगार बाईंशी अशी बोलले होते, तीन वेळा. चौथ्या वेळी त्याच म्हणाल्या, चल माझ्याबरोबर.

दुसरीबाजू

कदाचित घेतली असती. खरंच.

सांजमोगरा

दादा, ५ तारखेला रात्री मी सगळ्यात जास्त रडले होते. तुम्ही किती वाजेपर्यंत होतात?

दुसरीबाजू

संध्याकाळी सातपर्यंत. माझ्याकडे ट्रक नव्हता, भोंगा मी वाजवला नाही. पण शेजारी वाजत होता तेव्हा मी टाळ्या वाजवत होतो. वरच्या खिडक्यांकडे एकदाही बघितलं नाही. माफ करा ताई.

सांजमोगरा

आत्ता शाळेच्या गेटवर उभी आहे, सुटायची वेळ झालीय. रात्री नीट लिहिते. तुमची बहीण कशी आहे आता, तेवढं सांगून ठेवा.