यीस्ट इन्फेक्शन आहारानं टळतं का?

सायली_ल
योनिमार्गातलं यीस्ट इन्फेक्शन वर्षात तीनदा किंवा जास्त वेळा झालं, तर ते 'वारंवार होणारं' धरतात. माझं तसंच, क्रीम संपली की महिन्याभरात पुन्हा खाज. माझं मत, सुरुवात ताटापासून करावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं २००० कॅलरींच्या आहारात वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत हवी, जमल्यास २५. कोलाच्या ३३० मिलीच्या एका कॅनमध्येच ३५ ग्रॅम जाते. तो बंद, ब्रेड बंद, रोज वाटीभर बिनसाखरेचं दही सुरू.

सूक्ष्मदर्शी
असहमत. खाल्लेली साखर थेट तिथे पोचत नाही. कॅन्डिडाला, म्हणजे या यीस्टला, मिळणारी साखर तिथल्या पेशींतल्या ग्लायकोजेनची (साठवलेल्या साखरेची), आणि ते किती साठणार हे इस्ट्रोजेन हे हार्मोन ठरवतं. म्हणून तर गरोदरपणात हा त्रास वाढतो. ब्रेडवर राग कशाला? त्यातलं यीस्ट सॅकरोमायसिस, जात वेगळी, शिवाय भट्टीतच मरतं.

सायली_ल
मग मधुमेह असलेल्यांना जास्त का होतं?

सूक्ष्मदर्शी
तिथे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की लघवीत उतरू लागते, वर पांढऱ्या पेशीही मंदावतात. अशांनी गोड तोडलंच पाहिजे. सारखं इन्फेक्शन होत असेल तर आधी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, एचबीएवनसी, करून घ्या. एक खोच मात्र आहे: डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या साखर लघवीवाटेच बाहेर काढतात. रिपोर्ट छान आणि खाज कायम, असं त्यामुळे होऊ शकतं. गोळी मनानं बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

वाटीभर
दह्याचा मुद्दा मात्र राहूनच गेला. १९९२ च्या एका अभ्यासात ॲसिडोफिलस जिवाणू असलेलं दही सहा महिने रोज २४० मिली दिलं, तर इन्फेक्शन जवळपास तिपटीनं घटलं.

सूक्ष्मदर्शी
३३ जणींपैकी प्रयोग पूर्ण केला १३ जणींनी! २००४ मध्ये ऑस्ट्रेलियात अँटिबायोटिकसोबत लॅक्टोबॅसिलस (दह्यातल्यासारखे जिवाणू) देऊन पाहिलं, काही फरक पडला नाही.

वाटीभर
आणि दह्याच्या अभ्यासातल्या त्या ३३ पैकी आठ जणींनी दही बंद करायलाच नकार दिला, ते का गाळलंत?

सूक्ष्मदर्शी
त्यांना गुण वाटला असेल, पण त्यामुळे तुलनाच उरली नाही. नेहमीच्या योगर्टमधले जिवाणू बल्गेरिकस आणि थर्मोफिलस. योनीत राखण करणारा मुख्यतः क्रिस्पॅटस. दही जरूर खा. फक्त फळांच्या स्वादाच्या कपावरचा साखरेचा आकडा वाचा, आणि दही गरम केलंत तर जिवाणू मेले असं समजा.

आडवी_रेघ
तुम्ही दोघंही एक गृहीत धरताय, की आहे ते यीस्टच. स्राव घट्ट, फाटलेल्या दुधासारखा पांढरा, वास नाही, भयंकर खाज, पीएच (आम्लतेचं माप) ४.५ किंवा खाली: बहुधा यीस्ट. पातळ, करडा, मासळीसारखा वास, पीएच ४.५ च्या वर: तो जिवाणूंचा बिघाड, तिथे बुरशीची क्रीम फुकट जाते. स्राव एकदा सूक्ष्मदर्शकाखाली बघून घ्यावा, शक्यतो कल्चरही (प्रयोगशाळेत जंतू वाढवून ओळखणं). खरंच वारंवार होणारं निघालं तर फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध १५० मिग्रॅ, पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी अशा तीन गोळ्या आणि मग आठवड्याला एक, सहा महिने. तेही डॉक्टरांच्या देखरेखीत. गरोदरपणात ही गोळी टाळतात, सात दिवस आतून लावायची क्रीम देतात.
आणि दही किंवा लसणाची पाकळी आत घालायचे 'उपाय' कुणी इथे लिहू नका. लसणानं तिथली नाजूक त्वचा भाजते.

सायली_ल
ब्रेड परत आणते. कोला नाही.