मिरीच्या कुळातल्या वेलांनी तुमच्याकडचा उन्हाळा कसा काढला?

दोन वर्षांपूर्वी वर्ध्याहून मी 'रंगीत नागवेल' म्हणून एक रोप आणलं. गर्द हिरव्या पानावर गुलाबी-रुपेरी शिंतोडे, आणि पान उलटलं की वांग्याच्या सालीसारखा जांभळा रंग. पायपर क्रोकेटम हे तिचं शास्त्रीय नाव, मूळची दक्षिण अमेरिकेतली. आपली नागवेल, पानपिंपरी (औषधातली पिंपळी) आणि काळी मिरी याच कुळातल्या. पावसाळ्यात वेल सरसर वाढला. एप्रिल लागला तशी पानं कडेनं वाळायला लागली, म्हणून मी पाणी वाढवलं, तर मुळंच सडली. एक फांदी कशीबशी वाचली आहे.

आमचं गाव आर्वी तालुक्यात. मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. या कुळातला कोणताही वेल ज्यांनी जगवला असेल त्यांनी लिहा. कुठे ठेवला, पाणी कोणतं दिलं, घरात उपयोग काय केला, सगळं हवं आहे.

अंजनगाव सुर्जीहून :
ताई, या वेलाला ओल हवेत लागते, मुळाशी चिखल चालत नाही. आमचा पानमळा होता, आजोबांच्या हातचा. शेवरी, हादगा, पांगारा दाट लावून त्यावर वेल चढवायचे. चप्पल बांधावर काढून आत शिरलं की भर वैशाखात अंगाला गारवा लागायचा. नागपंचमीला घरातले सगळे मळ्यात जाऊन वेलाची पूजा करायचो, त्या दिवशी आमच्या घरी पान खुडत नसत.

मळ्यातलं एक काम तुम्हाला कुंडीतही करता येईल, ते म्हणजे उतरण. वेल उंच गेला की खालची दांडी उघडी पडते. तो आधारावरून सोडवायचा, पानं झडलेला भाग वेटोळं करून मातीत गाडायचा आणि शेंडा पुन्हा आधाराला बांधायचा. गाडलेल्या पेरापेराला मुळं फुटतात, वेल पुन्हा तरणा होतो. माझ्या अंगणातली नागवेल ११ वर्षं अशीच टिकली आहे. मर रोगासाठी पावसाच्या तोंडावर आम्ही बोर्डो मिश्रण मुळाशी ओतायचो : १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. मळा रोगानं नाही गेला. विहीर आटली, तीन उन्हाळे टँकरनं पाणी घातलं, मग मोडावा लागला. अंगणातला वेल त्याच मळ्यातल्या बेण्याचा आहे.

अकोट तालुक्यातून :
आमच्याकडं पानपिंपरी हाय. घोस हिरवे-काळसर असतानीच तोडा, पिकू देले का तिखटपणा जाते. मंग चांगलं कडक ऊन दाखवा. माय सुंठ, मिरे अन् पिंपरी सारख्या मापानं कुटून ठेवते, खोकला झाला का चिमूटभर मधात. जुन्या वेलाच्या मुळ्याबी फेकू नका, तेच पिंपळमूळ.

दर्यापूरहून :
आमचा खारपाणपट्टा. बोअरच्या खाऱ्या पाण्यानं पानांची टोकं तपकिरी होऊन जळत गेली. उन्हानं होतंय समजून मी कुंडी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरवत राहिले. मग पत्र्यावरचं पावसाचं पाणी ड्रममध्ये साठवलं आणि कुंडीपुरतं तेच वापरलं. नवीन पानं स्वच्छ आली. तुमच्या कुंडीच्या कडेला क्षाराचा पांढरा थर दिसतो का, ते आधी पाहा.

नागभीडजवळून :
मी आंब्यावर काळी मिरी चढवली होती. वेल चार वर्षं नुसता वाढत गेला, घोस नाही.  नंतर फळं धरणाऱ्या आडव्या फांदीपासून केलेलं झुडूप मिरीचं रोप मिळालं. ते चढत नाही, कुंडीतच बसकं राहतं. कूलर खिडकीत आहे, त्याच्या बाजूला पाण्याचे तुषार पोहोचतील अशी सावलीत कुंडी ठेवतो. यंदा ओंजळभर मिरी निघाली. उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून उन्हात टाकली की काळी कुळकुळीत होते. कच्च्या घोसांचं लिंबाच्या रसातलं लोणचं आईला फार आवडलं.

आर्वीहून पुन्हा मी :
कुंडी पश्चिमेच्या ओट्यावरून काढून माठाच्या तिवईखाली ठेवली, वर कडुनिंबाची सावली आहे. माती बदलताना वाळू आणि पालापाचोळ्याचं खत घातलं. कडेला पांढरा थर होताच. आता माठात उरलेलं पिण्याचं पाणी घालते आहे, तेही बोटाला माती कोरडी लागली तरच. १२ दिवसांत एक पान उलगडलं, गुलाबी शिंतोड्यांसह.

दोघांनी विचारलं, हे पान विड्यात चालेल का? माझ्या घरात तरी मी चालू देणार नाही. हा वेल शोभेचा. विड्याला आणि हळदीकुंकवाला आपली नागवेलच. मनीप्लांटला नागवेल समजून पान तोडणारी लहान मुलंही पाहिली आहेत, तो तर खाण्याचा नव्हेच. दोन्ही कुंड्या शेजारी ठेवू नका.

अंजनगावच्या दादांना एक विनंती : पाऊस बसला की मळ्याच्या त्या बेण्याचे तीन-तीन पेरांचे दोन तुकडे द्याल का? मी स्वतः न्यायला येईन.