घरी ऐकायला टर्नटेबल: बेल्टच घ्या, डायरेक्ट ड्राइव्हच्या नादी लागू नका

तबकडीबहाद्दर (धागाकर्ता):
नवं टर्नटेबल कुठलं घ्यावं असं कोणी विचारलं की चार जण हमखास 'डायरेक्ट ड्राइव्ह घ्या, आयुष्यभराची चिंता मिटली' असं सांगून मोकळे होतात. माझं मत उलटं आहे. घरी बसून एलपी ऐकायच्या असतील तर बेल्ट.

कारण साधं आहे. बेल्टच्या यंत्रात मोटर प्लॅटरपासून (रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या थाळीपासून) दूर बसते, रबरी पट्ट्याने थाळी फिरवते आणि मोटरची थरथर ते रबर गिळतं. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये मोटर थेट प्लॅटरच्या पोटाखाली. शिवाय तेवढ्याच पैशांत मोटर, तिचा बोर्ड, वेग तपासायचा स्ट्रोबचा दिवा, वेग कमी-जास्त करायची पिचची पट्टी हे सगळं बसवायचं म्हटलं की हात आखडतो तो टोनआर्मवर (सुई धरणाऱ्या दांड्यावर). रेगा प्लॅनर १ किंवा प्रो-जेक्ट डेब्यू कार्बन इव्हो बघा: दिखाऊ काही नाही, पैसा आर्म आणि बेअरिंगमध्ये. बेल्ट सैल झाला तर दोन मिनिटांत नवा चढतो. क्वार्ट्‌झचा बोर्ड (वेग राखणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) गेला तर तालुक्याच्या गावी कोण दुरुस्त करणार?

(सुटकेसमधल्या रंगीत प्लेअरबद्दल इथे बोलायचंच नाही. सिरॅमिक काट्रिज (सुई बसवलेली डबी) आणि सुईवर पाच-सहा ग्रॅमचा भार म्हणजे रेकॉर्डवर नांगर.)

षड्ज:
'डायरेक्ट ड्राइव्ह म्हणजे डीजेचं' हा समज आधी काढून टाका. टेक्निक्सचं एसपी-१० हे १९७० चं, रेडिओ केंद्रं आणि स्टुडिओंना डोळ्यांसमोर ठेवून केलेलं. १९७२ चं एसएल-१२०० घरच्या हायफायसाठीच आलं. डीजेंनी ते नंतर उचललं आणि १९७९ च्या एमके-२ मध्ये त्यांच्या सोयी आल्या.

आता कानाचं बोलू. आपल्या संग्रहात शास्त्रीय संगीत भरपूर, आणि तंबोऱ्याइतका निर्दय परीक्षक दुसरा नाही. ड्रम आणि गिटारमध्ये वेगाची चूक लपते. आलापाआधी नुसता तंबोरा चालू असतो तेव्हा षड्ज जरा हलला तरी कळतं. जुनाट, एका जागी ताणलेला बेल्ट असला की सूर पोहायला लागतो. एसएल-१२०० एमके-७ चा वॉव-फ्लटर (वेगातला हेलकावा) ०.०२५ टक्के आहे. या किमतीतला किती बेल्टवाला तिथवर येतो?

तबकडीबहाद्दर:
सूर हलतो त्यात निम्म्या वेळा दोष यंत्राचा नसून रेकॉर्डच्या भोकाचा असतो. भोक मध्यापासून १ मिलिमीटर सरकलेलं असेल तर १०० मिमी त्रिज्येवर वेग एक टक्का वर, एक टक्का खाली जातो. म्हणजे सूर १७ सेंट (अर्धस्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) चढतो आणि १७ सेंट उतरतो. एकूण झोका ३४ सेंटचा, आणि शास्त्रीय संगीतात सुरांमधलं बारीक अंतर मानतात ती प्रमाणश्रुती २२ ची! असल्या रेकॉर्डवर तुमचं ०.०२५ काय चाटायचंय?

षड्ज:
गणित बरोबर, निष्कर्ष चूक. दोन दोष ओळखायला सोपे आहेत. मिनिटाला ३३⅓ फेरे या एलपीच्या वेगाला एक फेरा १.८ सेकंदांचा. सूर बरोबर १.८ सेकंदांनी झुलत असेल आणि त्याच तालात आर्म डावी-उजवीकडे डोलत असेल, तर भोक. त्याहून भरभर किंवा वेळीअवेळी थरथरत असेल तर बेल्ट, पुली, बेअरिंग. एक दोष रेकॉर्डबरोबर फुकट येतोच आहे, म्हणून दुसरा पैसे देऊन घ्यायचा?

एडिसनकर:
न्यू जर्सीहून एक भर घालतो, कारण इकडून टर्नटेबल भारतात नेणारे बरेच असतात. जुन्या बेल्टवाल्या यंत्रात बहुतेक एसी सिंक्रोनस मोटर असते. ती व्होल्टेजवर नाही, विजेच्या फ्रिक्वेन्सीवर चालते. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर २३० चे ११० करतो, पण ५० हर्ट्‌झचे ६० करत नाही. परिणाम: वेग १७ टक्के कमी, ३३⅓ च्या जागी २७.८, सूर तीन अर्धस्वरांहून थोडा जास्तच खाली. (हार्मोनियमच्या) काळी चारमध्ये गाणाऱ्या बाई पांढरी चारमध्ये रेंगाळायला लागतात आणि घरच्यांना वाटतं मोटर थकली.

उपाय म्हणजे ५० हर्ट्‌झची पुली, जी १.२ पट जाड असते. ती मिळणार असेल तरच यंत्र बॅगेत घाला. डीसी मोटर किंवा क्वार्ट्‌झ डायरेक्ट ड्राइव्हला ही कटकट नाही, तिथे फक्त व्होल्टेज जुळवायचं. वेग तपासायची स्ट्रोबची कागदी चकतीही ५० ची घ्या: ३३⅓ साठी १८० रेघा (६० हर्ट्‌झच्या चकतीवर २१६ असतात). आणि ती चकती एलईडी बल्बखाली बघू नका, बऱ्याच बल्बांचा उजेड इतका स्थिर असतो की रेघा दिसतच नाहीत. साधा पिवळा बल्ब लावा.

सुईदोरा:
तुमचा मोटरचा वाद चालू द्या. रेकॉर्ड खराब होतात त्या सुईपाशी. बेल्ट की डायरेक्ट यापेक्षा आधी हे बघा: काउंटरवेट (सुईचा भार ठरवणारं आर्मच्या मागचं वजन) फिरतं का, अँटीस्केट (आर्म आत ओढला जाऊ नये म्हणूनची सोय) आहे का, काट्रिज बदलता येतं का. ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी-६०एक्स सारख्या यंत्रात भार बदलता येत नाही, म्हणून ते इथे बाद. त्याच कंपनीचं डायरेक्ट ड्राइव्ह एलपी-१२०एक्स घेतलं तर हेडशेल (काट्रिज धरणारं आर्मचं टोक) निघतं, ३३, ४५, ७८ तिन्ही वेग आहेत, आणि व्हीएम-९५ मालिकेची कुठलीही सुई त्याच बॉडीत बसते.

७८ हा मुद्दा दोघांनीही सोडून दिलाय. नाट्यगीतांच्या लाखेच्या तबकड्या घरात असतील तर रेगाचं नेहमीचं मॉडेल कामाचं नाही, त्यात तो वेगच नसतो. प्रो-जेक्टला बेल्ट बदलावा लागतो. आणि वेग मिळाला तरी एलपीची सुई चालत नाही. एलपीची सुई सुमारे ०.७ मिलची (एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), ७८ च्या खाचेला ३ मिलची लागते. बारीक सुई खाचेच्या भिंतींना न टेकता तळाशी लोळते, गाण्यापेक्षा खरखर जास्त येते आणि सुईही झिजते. व्हीएम-९५एसपी ही त्यासाठीचीच सुई, भार ५ ग्रॅम. बऱ्याच आर्मवरचे आकडे ४ ला संपतात, तेव्हा सुईच्या छोट्या डिजिटल काट्यावर मोजा. अँप्लिफायरला मोनोचं बटण असेल तर दाबा, निम्मी खरखर तिथेच जाते. लाखेची तबकडी अल्कोहोलने कधीही पुसू नका, लाख विरघळते.

जुळवणी अशी. अँटीस्केट शून्यावर, सुईचं टोपण काढून (हात कापत असेल तर आधी कॉफी सोडा) काउंटरवेट असं फिरवा की आर्म आडवा तरंगेल. वजन न हलवता फक्त आकड्यांची कडी शून्यावर आणा. मग वजन आणि कडी एकत्र फिरवून ऑर्टोफोन २एम रेड काट्रिजला १.८, व्हीएम-९५ई ला २.० ग्रॅम. अँटीस्केट साधारण तेवढंच. मग प्रोट्रॅक्टर (काट्रिजचा कोन जुळवायची छापील पट्टी): दोन्ही बिंदूंवर काट्रिजची कड रेघांना समांतर हवी. टेक्निक्सच्या आर्मवर हेडशेलच्या रबरी वॉशरपासून सुईच्या टोकापर्यंत ५२ मिमी ठेवलं की कंपनीची भूमिती जुळते.

'रेकॉर्ड झिजू नये' म्हणून भार कमी ठेवणं ही सगळ्यात महागडी काटकसर. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती फोडते. शेवटच्या गाण्यात 'स' आणि 'श' फाटायला लागले की पहिला संशय भारावर, दुसरा जुळवणीवर, सुईच्या वयावर तिसरा.

तबकडीबहाद्दर:
७८ वाल्यांसाठी डायरेक्ट ड्राइव्ह, मान्य. सुरुवातीच्या काळातल्या सगळ्या तबकड्या नेमक्या ७८ वर कापलेल्या नाहीत, त्यामुळे पिचच्या पट्टीला मी जी नावं ठेवली तीही मागे घेतो. पण नुसत्या एलपी ऐकणाऱ्याने त्या पट्टीचे पैसे का भरावेत, याचं उत्तर अजून मिळालेलं नाही. आणि एलपी-१२०एक्स मधला आतला प्रीअँप (सुईचा बारीक सिग्नल वाढवणारं सर्किट) फार सामान्य आहे.

षड्ज:
मागचा खटका 'फोनो'वर टाका, प्रीअँप बाजूला होतो. घोळ होतो तो खटका 'लाइन'वर ठेवून वायर अँप्लिफायरच्या फोनोत (त्याच्या स्वतःच्या प्रीअँपच्या भोकात) खुपसली की. दोनदा वाढवलेला, फाटका आवाज येतो आणि लोक काट्रिजला शिव्या घालतात.

पनवेलकर:
वाचतोय. प्लॅनर १ घ्यायचं जवळपास ठरलं आहे, संग्रहात फक्त एलपी. पण त्याला अर्थची वेगळी वायर दिसत नाही. घुं आवाज येणार नाही ना?

सुईदोरा:
रेगाच्या आर्मचं अर्थिंग सिग्नलच्या वायरीतूनच जातं, वेगळी तार नसते. तरी घुं आलाच तर आधी टर्नटेबल अँप्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरपासून हातभर दूर न्या, मग थ्री-पिन सॉकेटला खरंच अर्थ आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासा. आणि स्पीकर ज्या शोकेसवर आहेत त्याच फळीवर ते ठेवू नका. भिंतीत ठोकलेली वेगळी फळी, स्पिरिट लेव्हल लावून.